तोरणाखालची तिसरी जागा

टक्.

शालिकरामने किल्ली सोडली आणि परत फिरवली. टक्. ओल्या लाकडावर कुणी नखाने वाजवावं, एवढाच आवाज. समोरचे दिवे लख्ख लागत होते. भोंगा तर असा वाजत होता की गोठ्यातली शेळी दावं ताणून उभी राहिली. पण इंजिन फिरत नव्हतं. किल्ली फिरवली की टक्, आणि मग नुसती शांतता. ती त्या टक्पेक्षाही जास्त चिडवणारी.

पोळ्याची सकाळ होती. आभाळ खाली आलं होतं, पाऊस मात्र थांबला होता. तलावावर बैल धुवायला नेणाऱ्यांच्या हाका आणि घागरमाळांचे आवाज सक्करदऱ्याच्या गल्ल्यांतून येत होते. दरवर्षी या वेळेला शालिकराम स्वतः तलावात कमरेइतक्या पाण्यात उभा असायचा. या वर्षी तो आवारातल्या चिखलात, लाल रंगाच्या एका लहानशा ट्रॅक्टरवर बसून किल्ली फिरवत होता.

"अजी, चहाचं पाणी झालं," प्रयागबाईने दारातून सांगितलं.

"थांब वं जराशी."

"मी थांबूनच राहिली. केव्हाचं टक्टक् टक्टक्. मले वाटलं दारावर कोणी आलं."

शालिकरामने परत किल्ली फिरवली. बायकोच्या बोलण्याला उत्तर न देणं ही त्याची जुनी सवय, आणि उत्तर मिळालं नाही तरी बोलत राहणं ही तिची.

पन्नाशी उलटलेला हा माणूस सक्करदऱ्यातच जन्मला, तिथेच वाढला. दिघोरीच्या वाटेवर त्याची भाजीची वाडी होती. वांगी, कोबी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर. आजूबाजूच्या शेतांचे एकेक करत ले-आउट पडत होते, चुन्याच्या रेघा त्याच्या बांधापर्यंत येऊन ठेपल्या होत्या, पण हा अजून कोबी लावत होता. आणि कसा लावत होता! दोरी धरून. एक रोप बोटभर सरकलं तरी उपटून परत. कॉटन मार्केटला वांगी पाठवायची तर टोपलीत सगळे देठ एकाच बाजूला. तिथले दलाल हसायचे. "शालिकभाऊ, लोकं वांगी भाजून खातात, पूजा नाई करत," म्हणायचे. घराला चुना द्यायचा तर कपाट सरकवून त्याच्यामागेही द्यायचा. दाराला रंग लावायचा तर दार आधी बिजागऱ्यांवरून उतरवायचं, बिजागऱ्या काढायच्या, बिजागरीखालच्या लाकडालाही रंग द्यायचा, आणि तोवर घरच्यांनी उघड्या दारात बसून राखण करायची. वरवरचं काम त्याला बघवत नसे. प्रयागबाईने या स्वभावाला संसारभर तोंड दिलं होतं. तिचं म्हणणं होतं की देवाने हा माणूस घडवताना एक स्क्रू जरा जास्तच आवळला.

उन्हाळ्यात त्याच्या बैलजोडीतल्या खैऱ्याचा मागचा पाय गेला. दुसरा, बांड्या, एकटा पडला. एका बैलाने शेती होत नाही आणि बांड्याच्या जोडीला दुसरा कोणी जुळत नाही, हे त्याने पुष्कळ फिरून पाहिलं. शेवटी दोघांनाही विकलं आणि छोटा ट्रॅक्टर आणला. वाफ्यांच्या मधून जाईल एवढा अरुंद, मोठ्या ट्रॅक्टरच्या पोटाखाली झोपेल एवढा बुटका. शेजारचा चंपतराव पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "हे तर ट्रॅक्टरचं गोऱ्हं आहे गा. मोठं कधी होईन?"

एवढ्यावर भागलं असतं. पण पोळ्याचं काय?

सक्करदऱ्याच्या मैदानात पोळ्याचं तोरण लागतं तेव्हा जोड्यांच्या जागा ठरलेल्या असतात. पहिली महाजनांची, म्हणजे आता वामनरावांची. दुसरी देवळाच्या पुजाऱ्यांची. तिसरी शालिकरामच्या घराची. त्याचा बाप त्या तिसऱ्या जागेवर उभा राहायचा, बापाचा बाप उभा राहायचा. एक वर्ष जागा रिकामी गेली की मागचा पुढे सरकतो, आणि पुढे सरकलेला मागे जात नाही. असाच रिवाज. चौथी जागा चंपतरावाची होती. म्हणजे शालिकराम आला नाही तर चंपतराव तिसरा, कायमचा.

शालिकराम महिनाभर आधीच वामनरावांकडे गेला होता. बैल नाहीत, मशीन आहे, काय करू, असं विचारलं होतं. वामनराव ऐंशीच्या घरातले. त्यांनी पान चघळत बराच विचार केला आणि म्हणाले, "ज्याच्यानं वखरतं ते उभं कर. पण आपल्या पायानं आलं पाहिजे. ओढत नाई आणायचं, ढकलत नाई आणायचं. बैल काय कोणी ढकलत आणते?"

शालिकरामला हे पटलं होतं. न्याय म्हणजे न्याय. म्हणून तर त्याने गेले चार दिवस त्या ट्रॅक्टरमागे घालवले होते. शिंगं रंगवायचा तसा तो रंगवला होता. जिथे गंज दिसला तिथे घासून काढला, लालभडक ऑइल पेंटचे दोन हात दिले, चाकांना पिवळा दिला. बॉनेटला झूल शिवून घेतली. दिव्यांच्या वर, बैलाच्या कपाळाला बांधतात तसे, मठाटीचे गोंडे लावले. काल संध्याकाळी, खांदशेकणीच्या म्हणजे बैलांचे खांदे हळद-तुपाने चोळायच्या वेळेला, प्रयागबाई हळद आणि तूप घेऊन आली होती.

"खांदा कुठं आहे याचा?" तिने विचारलं होतं.

"हात नको लावू. रंग ओला आहे."

"तुप नाई लावायचं त मग काय करायचं? कोरडंच आवतण द्यायचं?"

"दे कोरडं."

तिने ट्रॅक्टरला उद्या जेवायला ये म्हणून सांगितलं होतं आणि तूप परत डब्यात ओतलं होतं.

आणि आज सकाळी हे. टक्.

*

दुपार व्हायच्या आत शालिकरामने सायकल काढली आणि मेडिकल चौकातल्या भैयाजीला गाठलं. भैयाजी गाड्यांच्या बॅटऱ्या आणि डायनामोचं काम करायचा. दुकानाचं अर्धं शटर खाली होतं आणि भैयाजी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, पिशवी खांद्याला लावून कुलूप शोधत होता.

"आज नाई," तो शालिकरामला बघताच म्हणाला. "बहिणीकडे चाललो भिवापूरले. बस आहे."

"तासाभराचं काम आहे भाऊ."

"तासाभराचं काम तासाभरात झालेलं मी आजवर पाहिलं नाई."

पण शालिकरामचा चेहरा बघून त्याने पिशवी खाली ठेवली. माणूस तसा वाईट नव्हता, फक्त प्रत्येक कामाला आधी नाही म्हणायचा आणि मग काम करता करता त्या नाही म्हणण्याचा पश्चात्ताप गिऱ्हाइकाला ऐकवायचा. सायकल-रिक्षा केली, भैयाजीच्या पायांमध्ये ट्रकची एक भरलेली बॅटरी ठेवली, आणि सगळी वरात सक्करदऱ्यात आली. शालिकराम सायकलवर मागे.

भैयाजीने एकदा किल्ली फिरवली, कान दिला आणि जाहीर केलं, "बॅटरी बसली."

"दिवे तर लागून राहिले ना."

"दिव्याले काय लागते? तो तर फुंकरीनं लागते. सेल्फले पहिलवान लागते पहिलवान." सेल्फ म्हणजे इंजिनाला पहिला हिसका देणारी मोटर. दिवा घोटभर पितो तर ती घागरीने पिते, हे भैयाजीने हातवारे करून समजावलं. जुनी बॅटरी उतरवली, ट्रकची लावली, शालिकरामला म्हणाला, "मार."

टक्.

भैयाजीने बॅटरीकडे पाहिलं, ट्रॅक्टरकडे पाहिलं, आपल्या पांढऱ्या शर्टाकडे पाहिलं. मग शर्ट काढून तुळशी वृंदावनावर टाकला.

"तिथं नका टाकू भाऊ," प्रयागबाई आतून ओरडली.

आता आवाराच्या दाराशी माणसं जमायला लागली होती. धुतलेले, शिंगं रंगवलेले बैल घेऊन जाणारे थांबायचे, बघायचे, सल्ला देऊन पुढे जायचे. कुणी म्हणे डिझेल संपलं असेल. कुणी म्हणे पाणी गेलं. एकाने सांगितलं की त्याच्या मेव्हण्याच्या गाडीचं असंच झालं होतं तेव्हा उंदराने वायर खाल्ली होती. "उंदीर कुठं आहे?" भैयाजीने विचारलं. "तो भंडाऱ्याचा होता," तो म्हणाला आणि बैल हाकत निघून गेला.

भैयाजीने किल्लीमागची वायर तपासली. चांगली. सेल्फच्या डोक्यावरचा खटका तपासला, दोन तोंडांवर स्क्रूड्रायव्हर आडवा धरून पाहिला. एक मरतुकडी ठिणगी पडली. मग म्हणाला, "सेल्फ गेला." सेल्फ उतरवायला घेतला. तीन बोल्ट, त्यातला एक अशा जागी की तिथे पाना बसेल पण हात बसणार नाही. भैयाजी चिखलात पाठीवर झोपला. शालिकराम खाली वाकून पाने देत राहिला आणि प्रत्येक वेळी पाना पुसून देत राहिला.

"पुसत नका बसू," भैयाजी खालून ओरडला. "मी काय तोंडात घालून राहिलो का तो?"

सेल्फ उतरला. त्याला फरशीवर ठेवून भैयाजीने बॅटरीच्या दोन जाड वायरी सरळ त्याला लावल्या. सेल्फ असा गरगर फिरला की हातातून उडी मारून प्रयागबाईच्या रांगोळीत जाऊन पडला.

"चांगला आहे," भैयाजी म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद नव्हता.

परत बसवला. परत वायरी आवळल्या. शालिकराम सीटवर चढला. दाराशी जमलेले लोक पुढे सरकले.

टक्.

सुटं सुटं सगळं बरोबर होतं. बॅटरी चांगली. वायर चांगली. किल्ली चांगली. सेल्फ तर वेडापिसा होऊन फिरत होता. आणि सगळे एकत्र आणून एकमेकांना बांधले की कुणीच कुणाशी बोलत नव्हतं. शालिकराम सीटवर तसाच बसून राहिला. त्याच्या भावाभावांचं असंच झालं होतं बाप गेल्यावर. ती गोष्ट नेमकी आता आठवायचं कारण नव्हतं, पण आठवली, आणि त्याला त्याचाही राग आला.

"ढकलून पाहू," भैयाजी म्हणाला. "गियरमध्ये टाकून ढकललं तर इंजिन फिरते. एकदा सुरू झालं की तोरणापर्यंत बंद करू नका."

"ढकलत नाई न्यायचं."

"तोरणापर्यंत कोण नेऊन राहिलं? आवारातच ढकलू."

"ढकललं ते ढकललंच."

"मग पाया पडा त्याच्या," प्रयागबाई म्हणाली. पुरणाचा हात पदराला न लागू देता ती ओट्यावर उभी होती. "नारळ फोडा, नाक घासा. पण काही करा एकदाचं. माझं पुरण थंडं होऊन राहिलं."

शेवटी शालिकराम तयार झाला. लोकांनी हात लावला. पण आवार रस्त्यापेक्षा खाली होतं, आणि पंधरवड्याच्या पावसाने काळी माती लोण्यासारखी झाली होती. क्लच सोडला की चाकं फिरायच्या ऐवजी घसरायची. दोनदा ढकललं, तिसऱ्यांदा एक जण तोंडावर पडला. त्याची पोळ्याची नवी टोपी चिखलात गेली. त्याने शालिकरामकडे असं पाहिलं की चौथ्यांदा कुणी हात लावला नाही.

*

तेवढ्यात चंपतराव आला.

चंपतरावाची जोडी दृष्ट लागावी अशी सजली होती. तो बैल घेऊन मैदानाकडे निघाला होता, वाटेत थांबला. त्याचा स्वभाव आडवा नव्हता, फक्त जीभ मोकळी होती. दोघं लहानपणापासूनचे शेजारी. एकाच विहिरीत पोहायला शिकले, एकाच शाळेतून पळाले.

"काय गा शालिक? अजून झोपूनच आहे का गोऱ्हं?"

शालिकराम हातातला पाना पुसत राहिला.

"काही हरकत नाई. आज पोळा, उद्या मारबत. सुरू नाई झालं तर उद्या याचाच बडग्या काढू. चौकातून फिरवू. 'टक्टक् करणाऱ्याले घेऊन जा रे बडग्या!'"

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गावाची पीडा घेऊन जा म्हणत जो पुतळा मिरवून जाळतात, तो बडग्या. लोक हसले. भैयाजीही हसला, ट्रॅक्टरखाली झोपल्या झोपल्या. आणि शालिकरामच्या डोक्यात सकाळपासून साठत आलेलं सगळं एका जागी येऊन थांबलं. परवा संध्याकाळी चंपतराव याच आवारात आला होता. ट्रॅक्टरच्या सीटवर बसून तंबाखू मळत होता. स्टिअरिंग फिरवून पाहत होता. हे काय, ते काय, विचारत होता.

"तूच केलं," शालिकराम म्हणाला.

"काय केलं?"

"परवा बसला होता ना इथं. तूच काहीतरी हलवलं. तिसरी जागा पाहिजे ना तुले? घे ना मग सरळ. मशीनले काहून हात लावला?"

हसणं थांबलं. चंपतरावाच्या बैलाने मान हलवली, घागरमाळ वाजली, आणि तेवढाच आवाज राहिला.

चंपतरावाने त्या बैलाच्या मानेवर हात ठेवला. मग म्हणाला, "तुया खैऱ्याचा पाय गेला तवा मी चार रात्री बसलो होतो तुया गोठ्यात. ते विसरला का गा?" उत्तराची वाट न पाहता त्याने बैलांची वेसण धरली आणि तो चालता झाला. जाताना वळून पाहिलं नाही.

लोकही पांगले. भांडण बघायला थांबलेली माणसं भांडण खरं झालं की निघून जातात.

"असं नाई बोलायचं होतं," प्रयागबाई हळू म्हणाली.

"मग कसं बोलायचं होतं?"

"नाईच बोलायचं होतं."

शालिकरामने रागाने किल्ली फिरवली आणि तशीच धरून ठेवली. टक् झालं, तरी सोडली नाही. फिरत नाहीस, नको फिरू. त्याने दात आवळून किल्ली धरून ठेवली. भैयाजी खालून ओरडत होता, "सोडा! सोडा! जळून जाईन काही!" तरी सोडली नाही.

आणि त्याला वास आला.

जळक्या वायरचा नव्हता. तो त्याला माहीत होता. हा कडवट, तेलकट वास गेले चार दिवस त्याच्या नाकात, नखांत, जेवणाच्या घासात होता. रंगाचा वास. पण तापलेल्या रंगाचा.

त्याने किल्ली सोडली, खाली उतरला आणि वासामागे गेला. बॅटरीच्या खोक्याखाली, डाव्या बाजूला, बॅटरीची जाड काळी वायर ट्रॅक्टरच्या लोखंडाला एका बोल्टने आवळलेली होती. त्या बोल्टभोवतीच्या लाल रंगाला बारीक बारीक फोड आले होते. शालिकरामने बोट लावलं आणि झटक्यात मागे घेतलं. बोल्ट चटका देत होता.

"भैयाजी."

"काय?"

"हा गरम काहून आहे?"

भैयाजी सरपटत बाहेर आला. त्याने बोल्टला हात लावला, शिवी दिली, पाना घेतला आणि बोल्ट काढला. वायरच्या टोकाखाली, जिथे उघडं लोखंड चकचकायला हवं होतं, तिथे लाल रंग होता. सुंदर, सारखा, दोन हात दिलेला. बोल्टखालच्या चकतीलाही रंग. भैयाजी मांडी घालून चिखलात बसला.

"हा रंग कोणी लावला?"

"मी," शालिकराम म्हणाला.

"वायर काढून?"

"वायरखाली गंज होता. घासून काढला. वरवर लावला असता तर परत चढला असता."

"अन् मग रंगावरच वायर आवळली."

"वाळल्यावर आवळली," शालिकराम म्हणाला, कारण ते खरं होतं.

भैयाजीने डोळे मिटले. "अजी, बॅटरीतून जितकं बाहेर जाते, तितकं परत यावं लागते. ही परत यायची वाट आहे. तुमी तिच्यावर भिंत बांधली. दिवे लागतात, कारण दिव्याइतकं फटीतून झिरपते. सेल्फचा लोंढा कसा येईन फटीतून?" मग डोळे उघडून त्याने स्वतःच्याच कपाळावर हात मारला. "अन् मी गधा. सकाळपासून जायची वाट तपासून राहिलो. यायची वाट पाहिलीच नाई. माझी बस गेली भिवापूरची."

प्रयागबाई ओट्यावरून सगळं ऐकत होती. तिने तोंडाला पदर लावला. हसली की रडली, ते शालिकरामला कळलं नाही आणि त्याने बघितलंही नाही. त्याने पॉलिशपेपर घेतला आणि बोल्टखालचं लोखंड घासायला बसला. रंग निघाला. खाली चांदीसारखं लोखंड उघडं झालं. तरी तो घासतच राहिला, कडेकडेने, गोल गोल.

"पुरे!" भैयाजी आणि प्रयागबाई एकदमच ओरडले.

वायर आवळली. किल्ली फिरवली. टक् झालंच नाही. इंजिन एका दमात फिरलं, काळा धूर सोडला आणि धडधडायला लागलं. गोठ्यातली शेळी परत उभी राहिली. शालिकरामने आनंदाने उडी मारावी तर त्याच्यात तेवढा जीव उरला नव्हता. त्याला फक्त राग येत होता, आणि तो ज्याच्यावर काढायचा तो माणूस सीटवरच बसलेला होता.

*

रुतलेल्या चाकांनी चिखल उडवत ट्रॅक्टर रस्त्यावर आला. सूर्य कलला होता. मैदानात पळसाच्या डहाळ्या, आंब्याच्या पानांचं तोरण, फुगे, शेंगदाण्याच्या गाड्या, आणि रांगेत उभे बैल. पूर्वी ही रांग तलावापर्यंत जायची. आता ती मैदानाच्या अर्ध्यातच संपत होती. शालिकरामला ते दिसलं आणि त्याने ते तिथेच सोडून दिलं. त्याची नजर तिसऱ्या जागेवर होती.

तिथे चंपतराव उभा होता. पुढे सरकलेला.

ट्रॅक्टरच्या आवाजाने बैल बुजले. कुणी शिव्या दिल्या, कुणी वेसणी धरल्या. शालिकरामने ट्रॅक्टर चंपतरावाच्या बाजूला आणून उभा केला. वामनराव काठी टेकत आले.

"उशीर केला शालिक. मी विचारलं तिसरा कोण, तवा कोणी नव्हतं. हा उभा राहिला. आता हा सरकला मागं तर सरकला. मी सांगणार नाई."

चंपतराव समोर बघत होता. शालिकराम सीटवरून वाकून म्हणाला, "चंपत, रंग माझाच होता."

"काय?"

"रंग! माझाच होता!"

"ऐकू नाई येऊन राहिलं," चंपतराव म्हणाला. त्याला ऐकू आलं होतं की नाही, कोण जाणे. "बंद कर पहिले ते. बैल बुजून राहिले. मग बोल काय बोलायचं ते."

शालिकरामने किल्लीला हात लावला आणि थांबला. वायर भैयाजीनेच आवळली होती, लोखंड त्याने स्वतः घासलं होतं. पण सकाळपासून इतक्या वेळा तो आवाज ऐकला होता की तो आता कानातच राहायला आला होता. इथे बंद केला आणि सुरू झाला नाही तर? तोरणासमोर, अख्ख्या सक्करदऱ्यासमोर? न बोलताही जाता आलं असतं. रांगेच्या शेवटी उभं राहता आलं असतं, धडधडत.

त्याने इंजिन बंद केलं.

मैदान एकदम मोठं झालं. सगळे इकडेच बघत होते.

"चंपत, तू हात नव्हता लावला," शालिकराम म्हणाला. आवाज मुद्दाम मोठा ठेवला, कारण सांगायचं ते पूर्ण सांगायचं. "बोल्टखाली मीच रंग लावला. मीच वायर बसवली त्याच्यावर. तुयावर आळ घेतला ते चुकलं माझं."

"बोल्टखाली?" चंपतरावाने विचारलं.

"खाली."

"जिथं कोणाले दिसत नाई तिथं?"

"हो."

चंपतरावाने मान वळवली आणि तो आपल्या बैलांना मागे रेटायला लागला. सजलेले, भरल्या पोटाचे बैल मागे चालायला तयार होत नाहीत. त्याला दोन्ही हातांनी जोर लावावा लागला. "होऽ, मागं, मागं रे, तुमाले काय जागेचं पडलं," असं बडबडत तो पाऊल पाऊल मागे गेला. तिसरी जागा रिकामी झाली.

"ये," तो म्हणाला. "अन् लवकर ये, मले मागून शिंग लागून राहिलं."

शालिकरामने किल्ली फिरवली. इंजिन पहिल्याच हिसक्याला लागलं. तो हळूच पुढे आला, पुजाऱ्यांच्या बैलांच्या मागे, चंपतरावाच्या बैलांच्या पुढे, आणि उभा राहिला. बॉनेटवरची झूल एका बाजूला घसरली होती. ती सारखी करायला त्याचा हात निघाला, आणि मधेच परत आला.

"बंद कर आता, कितीदा सांगायचं?" चंपतराव मागून ओरडला.

त्याने इंजिन बंद केलं, किल्ली काढली आणि खिशात टाकली.

वामनरावांनी हात वर केला. झडत्या, म्हणजे तोरणाखाली एकमेकांवर घालायच्या चिमटे काढणाऱ्या कविता, सुरू व्हायची वेळ झाली होती. दरवर्षी पहिली झडती कुणीतरी महाजनांवर घालतो. या वर्षी मागून, अगदी जवळून, ओळखीच्या खणखणीत आवाजात आली:

"बैल गेले बाजारी, मशीन आली दारी,
बाहेरून पुसली अन् आतून रंगवली सारी;
शालिकभाऊचं गोऱ्हं पाहा, कडबा नाई खात,
टक् म्हणते, टक् म्हणते, पाय नाई उचलत!
हर हर महादेव!"

अख्खी रांग खदखदली. पुजारी हसले, वामनराव काठीवर ओठंगून हसले. शालिकरामचे कान तापले. त्याने मागे वळून बघितलं नाही, सीटवर ताठ बसला आणि झडती शेवटपर्यंत ऐकून घेतली. दुसरी त्याच्यावरच आली, तिसरीही. तिसऱ्या जागेवरच्या माणसाला त्या ऐकाव्याच लागत होत्या.